टेबलावरच्या बारा रायफली

पोलीस आले तेव्हा आमच्या गॅलरीतल्या दोरीवर आठ रायफली वाळत होत्या. एका बाजूला आईची साडी, दुसऱ्या बाजूला शेजारच्यांच्या उशांचे अभ्रे आणि मध्ये नळ्या खाली करून टांगलेल्या, ताजा काळा रंग दिलेल्या माझ्या बंदुका. समोरच्या इमारतीतून कोणीतरी फोटो काढला, तो व्हॉट्सअॅपवर फिरला आणि तासाभरात एक वयस्कर हवालदार आणि एक महिला शिपाई आमचा तिसरा मजला चढून आले.

मी साचे करते. लालबागला, मसाला कुटून देणाऱ्या दुकानाच्या मागे आमचा छोटा गाळा आहे. वर्षातले सहा महिने गणपतीचं काम असतं, मखरांचे खांब, मुकुट, चलचित्र देखाव्यातले हलणारे हातपाय. गिरणी बंद पडल्यावर बाबा या कामात आले आणि त्यांच्या हाताखाली मी शिकले. उरलेल्या महिन्यांत येईल ते काम घेते. त्या वर्षी सिनेमाचं आलं होतं. समुद्रातून खेकड्यासारखा एक अवाढव्य राक्षस वर येतो, बंदरावरून शहरात शिरतो आणि एक फौजी तुकडी त्याच्याशी लढते, अशी गोष्ट. राक्षस कॉम्प्युटरवर तयार होणार होता. लढणाऱ्यांच्या रायफली मला करायच्या होत्या. आठ फायबरच्या, कॅमेऱ्याला जवळून दिसतील अशा. आणि बारा रबरी, म्हणजे मारामारीत, पडापडीत कोणाला लागणार नाही. गाळ्यात दमट हवेने रंग वाळेना म्हणून फायबरच्या वर गॅलरीत आणून टांगल्या होत्या.

"हा काय प्रकार आहे?" हवालदारांनी विचारलं.

मी सिनेमावाल्यांचं पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "हे आधी पोलीस ठाण्यात द्यायचं असतं, बाई. आम्ही धावत आलो ना इथे."

चूक माझीच होती, मी मान्य केली. मग त्यांनी दोरीवरची एक रायफल काढून हातात घेतली आणि एकदम हसले.

"अहो, ही बंदूक आहे का लाटणं? याने राक्षस मारणार? झुरळ मरायचं नाही!"

गॅलरीत जमलेले सगळे हसले. आई तर पदर तोंडाला लावून हसली. मला मात्र हसू आलं नाही. महिनाभर मी त्या रायफलींवर काम केलं होतं, स्क्रूच्या डोक्यावरच्या खाचासुद्धा हाताने कोरल्या होत्या. माझा चेहरा हवालदारांना दिसला असावा. जिन्यापर्यंत जाऊन ते परत आले.

"रागावू नका. दिसायला फर्स्ट क्लास आहेत. पण हातात घेतल्यावर कळतं. आमचे एक वस्ताद आहेत, आख्खी नोकरी पोलिसांची हत्यारं दुरुस्त करण्यात गेली त्यांची. आता मुलाच्या क्वार्टरमध्ये असतात, अँटॉप हिलला. त्यांना दाखवा एकदा."

खरं तर दाखवायची काही गरज नव्हती. कलादिग्दर्शकाला मी फोटो पाठवले होते आणि त्याने अंगठा पाठवून पसंती कळवली होती. दहा दिवसांनी माल द्यायचा होता, त्याने आहे तसा घेतलाही असता. पण ते लाटणं माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्राची प्रत पोलीस ठाण्यात देऊन मी पोच घेतली, एक रायफल चादरीत गुंडाळली आणि टॅक्सीने अँटॉप हिल गाठलं.

वस्ताद काकांनी सत्तरी ओलांडली होती. जेवणाच्या टेबलावर त्यांनी चादर उलगडली, चष्मा लावला आणि रायफल इकडून तिकडून बघितली. मग माझ्या हातात दिली.

"धर. नेम धर."

मी धरली.

"झाडू धरल्यासारखी धरलीस. तुझा दोष नाही, यात वजनच नाही. तुझे नट पण अशीच धरणार."

दाराआड एक लोखंडी पाइप होता. त्याला त्यांनी सुतळीने वाळूच्या दोन पिशव्या बांधल्या, एक मध्यावर, एक पुढे, आणि तो मला खांद्याला लावून उभं राहायला सांगितलं. आतून सूनबाईंनी चहा आणला, तो गार झाला. माझं कोपर खाली आलं. खांदा पुढे गेला. मान आपोआप एका बाजूला कलली आणि पाय फाकले.

"हां," काका म्हणाले. "आता दिसतेस शिपाई. कोणी शिकवलं तुला असं उभं राहायला? वजनाने शिकवलं."

टॅक्सीत बसल्या बसल्या मी ठरवलं, आठही रायफली फोडायच्या. बाबा म्हणाले, "दहा दिवसांत? डोकं फिरलंय तुझं." आणि चप्पल घालून माझ्याबरोबर गाळ्यात आले. कोळ्यांच्या जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं मी भाऊच्या धक्क्याजवळून आणली. फायबरच्या पोटात लोखंडी सळई बसवली आणि पुढच्या भागात शिसं भरलं. पहिली रायफल दस्त्याच्या मानेशी तडकली. दुसरी पुढून इतकी जड झाली की माझ्याच्याने उचलेना. तिसरी जमली. ती घेऊन मी पुन्हा अँटॉप हिलला गेले. काकांनी हातात घेतली, खांद्याला लावली, आणि पंधरा-वीस वर्षांनी ओळखीचं कोणी भेटावं तसे क्षणभर तसेच उभे राहिले. "बाकीच्या अशाच कर," एवढंच म्हणाले.

निघताना त्यांनी मला खाली बसवलं. "आता नीट ऐक. खोटी असली तरी माणसावर रोखायची नाही, जोपर्यंत शॉट नाही. प्रत्येकीच्या दस्त्याखाली नंबर घाल. टेबलावर कापड घाल, त्यावर प्रत्येकीचा आकार काढ, म्हणजे एक कमी झाली तर लगेच दिसेल. आणि तुझ्या हातातून गेल्याशिवाय कोणाला मिळता कामा नये."

कलादिग्दर्शकाला हे पटेना. "ताई, तुम्ही माल द्या ना. सेटवर हँडल करायला आमची माणसं आहेत."

"मी नसेन तर रायफली पण नसतील," मी म्हटलं. इतकं ठाम मी आधी कोणाशी बोलले नव्हते. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, "ओके, या."

शूटिंग परळच्या एका बंद गिरणीच्या शेडमध्ये होतं. राक्षस म्हणजे लांब बांबूच्या टोकाला बसवलेला हिरवा चेंडू. एक माणूस तो घेऊन धावायचा आणि पंधरा-वीस धडधाकट लोक त्या चेंडूकडे बघून किंचाळायचे. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना, तिसऱ्या दिवसापासून सवय झाली. पण माझ्या जड रायफली हातात आल्यावर त्या मुलांच्या अंगात खरंच फरक पडला. घामाघूम व्हायची, खांदे दुखतात म्हणून कुरकुरायची, आणि कॅमेऱ्यात ते सगळं दिसायचं. कलादिग्दर्शकाने मला मॉनिटरसमोर बोलावून दाखवलं. "ताई, हे भारी झालं," तो म्हणाला.

दहाव्या दिवशीची गोष्ट. सकाळी गोळीबाराचा सीन होता. त्यासाठी परवानाधारक पुरवठादाराच्या खऱ्या रायफली येतात, ब्लँक उडवणाऱ्या. ब्लँकमध्ये गोळी नसते पण दारू असते, आणि अगदी जवळून उडाली तर तो जाळ आणि धक्का माणसाला फाडू शकतो. त्या रायफली पुरवठादाराचा माणूस स्वतः सांभाळायचा, माझा त्यांच्याशी संबंध नव्हता. दिसायला मात्र त्या आणि माझ्या सारख्याच, एकाच नमुन्याच्या. दुपारनंतर झटापटीचा सीन होता. दोन सैनिक घाबरून एकमेकांच्या अंगावर जातात, एक जण दुसरीच्या छातीला नळी लावून चाप ओढतो, बंदूक चालत नाही, आणि तेवढ्यात राक्षस येतो. ती दुसरी म्हणजे एक स्टंट करणारी मुलगी, प्रभादेवीची. रोज माझ्या टेबलापाशी येऊन डब्यातली भाजी बदलून घ्यायची. या सीनला बाराही रबरी रायफली लागणार होत्या.

मी जेवून आले. कापडावरचे बाराही आकार भरलेले होते. मी एकेक उचलून नंबर बघत देऊ लागले. सातवी उचलली ती जड होती. क्षणभर वाटलं, फायबरची एखादी चुकून इथे आली. फायबरच्या जड मीच केल्या होत्या ना. मी ती बाजूला सारून पुढची उचलणार होते. पण बोटांना ती गार लागली. दस्ता उलटा करून बघितला. खाली नंबर नव्हता.

मी ती टेबलावर ठेवली, नळी भिंतीकडे केली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

"थांबा!" मी ओरडले. "सगळ्यांनी हातातल्या रायफली खाली ठेवा."

सहायक दिग्दर्शक धावत आला. "क्या हुआ, मॅडम? लाइट जात आहे. दुसरी द्या आणि पुढे चला."

"ही माझी नाही. ज्यांची आहे त्यांचा माणूस बोलवा. तोपर्यंत शॉट होणार नाही."

"अरे, सीन तर रबरीचाच आहे!"

"म्हणूनच."

दिग्दर्शकाने लांबून आवाज चढवला. शंभर माणसांसमोर तो मला काय काय बोलला ते इथे लिहीत नाही. पण हात मी काढले नाहीत. मला एकच दिसत होतं, ती नळी आणि त्या मुलीची छाती. पुरवठादाराचा माणूस बाहेर व्हॅनपाशी होता. तो आला, चेहरा पडला त्याचा. त्याने सगळ्यांना मागे सारलं, रायफल उघडली. आत एक ब्लँक होता.

प्रभादेवीची ती मुलगी टेबलापाशी आली, त्याच्या तळहातावरच्या त्या पितळी नळकांड्याकडे बघितलं आणि तिथेच जमिनीवर बसली. मी तिच्याशेजारी बसले. तिने पाणी मागितलं. मी माझ्या बाटलीतलं दिलं.

चौकशीत कळलं ते अगदी साधं होतं. सकाळचा सीन संपल्यावर एका नटाने रायफल भिंतीला टेकवून ठेवली. पुरवठादाराच्या माणसाच्या मोजणीत एक चुकली. जेवणाच्या सुट्टीत सेटवरच्या कोणीतरी ती पाहिली. उचलली तर जड, त्याला वाटलं ताईंचीच ती वजनवाली. माझ्या टेबलावर एक आकार रिकामा होता, कारण माझी एक रबरी रायफल सकाळपासून कपड्यांच्या व्हॅनमध्ये पडून होती. त्याने बिचाऱ्याने मदत म्हणून ती जागा भरली. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण ज्या वजनाचा मला एवढा अभिमान होता त्याच वजनाने त्याला फसवलं, आणि जेवायला जाताना टेबल उघडं टाकून मीच गेले होते. सकाळी एक जागा रिकामी दिसत असताना मी म्हटलं होतं, बघू नंतर. तो दिवस आठवला की मला आधी हे आठवतं, माझं ओरडणं नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की आता हत्यारांचं सगळं काम एकाच माणसाकडे दिलंय, तुम्ही नाही आलात तरी चालेल. मी आईला सांगितलं.

आई म्हणाली, "गप घरात बसतलंस?"

"नाही."

मी गेले. गेटवर थांबवलं तर तिथेच उभी राहिले. ते त्या मुलीने पाहिलं. आत जाऊन तिने काय सांगितलं ते मला नंतर कळलं. ती म्हणाली होती, "टेबलावर ताई नसेल तर मी शॉट देणार नाही." तिच्यामागे बाकीचे स्टंटवाले उभे राहिले, एकेक करत सगळे. अर्ध्या तासाने कलादिग्दर्शक स्वतः गेटवर आला. माफी वगैरे मागितली नाही. "चला," म्हणाला, आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

उरलेले दिवस मी माझ्या पद्धतीने काम केलं. कुलपाची लोखंडी पेटी आणली. ब्लँकवाल्या रायफली निघून, मोजून, गाडीत बंद झाल्याशिवाय माझी पेटी उघडायची नाही, आणि पेटी उघडी असेल तर मी जागेवरून हलायचं नाही. फायबरच्या जड रायफलींच्या दस्त्यांना पिवळा पट्टा मारला. कॅमेरामन वैतागला. म्हटलं, शॉटच्या वेळी काळ्या टेपने झाकीन, नंतर काढीन. प्रत्येक शॉटला झाकला, प्रत्येक शॉटनंतर काढला. पुरवठादाराचा माणूस आणि मी रोज सकाळी एकमेकांची मोजणी करायचो. सुरुवातीला तो माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. शेवटच्या आठवड्यात चहा आणून द्यायला लागला.

सिनेमा आला तेव्हा आई, बाबा आणि मी दादरला बघायला गेलो. त्या चेंडूच्या जागी आता डोंगराएवढा खेकडा होता आणि त्याने पहिल्यांदा नांगी आपटली तेव्हा आईने माझा दंड असा आवळला की वळ उठला. माझ्या रायफली मोजून काही सेकंद दिसल्या. झटापटीचा तो सीन कापला होता. बाबा बाहेर आल्यावर म्हणाले, "खेकड्याचे पाय चुकलेत. सांधा उलटा दुमडतो." आणि रस्ताभर मला हवेत हात करून तो सांधा समजावत राहिले.

त्यानंतर महिन्याभराने दुसऱ्या एका कंपनीचा फोन आला. या वेळी जंगलातला प्राणी होता आणि शिकारीच्या बंदुका हव्या होत्या. किती दिवसांत होतील, असं त्या माणसाने विचारलं. मी म्हटलं, दिवस नंतर सांगते, आधी माझ्या अटी ऐका. पत्र आधी पोलीस ठाण्यात. टेबलाला मी. जेवणाच्या सुट्टीत पेटीला कुलूप. ब्लँक वापरणार असाल तर त्या दिवसाचा क्रम मला आदल्या दिवशी लेखी हवा. आणि मी थांबा म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं, दिग्दर्शकानेसुद्धा.

"हे सगळं लेखी पाठवता का?" तो म्हणाला.

"पाठवते," मी म्हटलं, रेझिनने माखलेले हात पुसले आणि लिहायला बसले.