टिकल्याचं खरं वय

खोटं बोलता न येणं हा एक आजार आहे आणि अख्ख्या आंबेगाव तालुक्यात तो फक्त माझ्या साडूंना झालेला आहे. त्यावर औषध नाही. मी पिंपरी पेंढारचा, ते लोणीचे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, एवढ्या एका धाग्यावर मी या माणसाला चाळीस वर्षं सहन करत आलोय. माझी शाळा तिसरीत सुटली, ते दहावीला इंग्रजीत आपटले. त्यामुळे शहाणा कोण यावर आमचं कधीच जमलं नाही. मी म्हणतो मी, ते म्हणतात ते, आणि ते खोटं बोलत नाहीत म्हणून लोक त्यांचं ऐकतात. हीच तर माझी अडचण आहे.

आमच्याकडं दहाव्याला नदीकाठी माईकवरून श्रद्धांजली वाहायची पद्धत आहे. मेलेला माणूस कसाही असो, दहाव्याच्या दिवशी तो देवमाणूसच असतो. एकदा साडूंच्या हातात माईक गेला. ते म्हणाले, "माणूस लई चांगला व्हता. फकस्त पाटाचं पाणी चोरायचा. माझंच चोरायचा, म्हनून मला ठावं." मयताचा मुलगा वस्तरा फिरलेलं डोकं घेऊन तसाच उठून उभा राहिला. तेव्हापासून गावोगावच्या दहाव्याला साडू दिसले की सूत्रसंचालक माईक छातीशी धरून बसतो. बैल विकायला चाकणच्या बाजारात गेले तर त्याहून वाईट. बैलाचं वय दातांवर कळतं, म्हणून व्यापारी गिऱ्हाइकाचा हात जबड्यापर्यंत पोचू देत नाहीत, बोलता बोलता बैलाची दोन वर्षं खाऊन टाकतात. साडू स्वतःच बैलाचा ओठ वर करणार आणि म्हणणार, "बघा पावणं, म्हातारा हाय. उजव्या पायात बी जरा कमी हाय. घेऊ नका." एकच बैल त्यांनी तीनदा बाजारात नेला आणि तीनदा टेम्पोचं भाडं भरून परत आणला. शेवटी तो त्यांच्याच गोठ्यात सुखानं मेला.

या माणसाच्या दावणीला टिकल्या जन्मला. पांढराशुभ्र खोंड, कपाळावर काळा ठिपका. आमच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यती होतात, त्या चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात आणि एकेका धावण्याला बारी. चार बैल, एक गाडा, आणि निशाण पडल्यापासून बारा-तेरा सेकंदांत खेळ खलास. त्या बारा-तेरा सेकंदांसाठी माणूस वर्षभर बैलाला पोटच्या पोरासारखं सांभाळतो. पोटच्या पोराला तितकं सांभाळत नाही, हे मी साडूंच्या मुलाच्या तोंडून ऐकलंय. तो मुलगा चाकणला कंपनीत आहे. वडिलांना साखर निघाली म्हणून त्यानं पळणाऱ्या लोकांचं एक घड्याळ आणून दिलं. किती चाललात, किती वेगानं चाललात, सगळं त्यात उतरतं. साडूंनी ते दोन दिवस घातलं. तिसऱ्या दिवशी टिकल्याच्या शिंगाला बांधलं. मुलगा फोनवर ओरडला, तर म्हणाले, "मी किती येगानं पळतो ते बघायला कोन येनार हाय का?"

घाटावर लोक खूप हसले. कुणी म्हणालं, "काय राव, बैलाला टायम बघायचाय का?" साडू म्हणाले, "बैलाला न्हाई, तुमाला दावायचाय." आणि खरंच दाखवला. एका घाटात पंचांच्या घड्याळात टिकल्याची बारी पहिल्या नंबरात बसली. बाकीच्या तीन बैलांचे मालक गुलाल उधळायला लागले, आणि हा माणूस स्टेजवर चढला. "ह्यो टायम चुकलाय. शिंगावरच्या घड्याळात जास्त हाय. माझा बैल येवढ्या लवकर आला न्हाई." स्वतःच्या बैलाचा नंबर खाली ढकला म्हणून भांडणारा माणूस घाटानं पहिल्यांदाच पाहिला. त्या तीन मालकांनी त्यांना मारलं नाही ते केवळ टिकल्याकडं बघून.

घड्याळातलं सगळं बघायला कंपनीची वेबसाइट होती. मुलानं घरी ठेवलेला जुना कॉम्प्युटर साडूंनी पुसून घेतला, घड्याळाची वायर त्याला जोडायला शिकले आणि ज्या इंग्रजीनं त्यांना दहावीला बुडवलं त्याच इंग्रजीशी एका बोटानं झुंजले. खातं काढलं टिकल्याच्या नावानं. जन्मतारीख खरी, वजन खरं, चारशे दहा किलो. वेबसाइटनं ते निमूटपणे घेतलं. नकाशावर घाटाची रेघ यायची आणि बटण दाबलं की त्या रेघेवरून एक निळा ठिपका पळायचा, जितक्या वेगानं टिकल्या पळाला होता अगदी तितक्याच. टिकल्या गोठ्यात उभा राहून माश्या हाकलायला मान हलवायचा तेव्हा घड्याळ त्यालाही पावलं समजायचं आणि अभिनंदन करायचं. काळजाचे ठोके मात्र कधी आले नाहीत. साडू म्हणायचे, "शिंगात कुठलं काळीज? तेवढं सोडलं तर मशीन खरं बोलतं."

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी टिकल्या पोट फुगून गेला. अकरा वर्षांचा होता. डॉक्टर आला, नळी घातली, काही झालं नाही. साडूंनी त्याला बांधावर पुरला आणि घरात येऊन कॉम्प्युटर लावला. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी ते एक बारी बघत. एवढंच. त्यावर आमची मेहुणीसुद्धा काही बोलायची नाही, आणि तिनं न बोलणं म्हणजे काय हे मला ठाऊक आहे.

मग वेबसाइटवर एक पिवळी पट्टी आली. साडू तीन दिवस डिक्शनरी घेऊन ती वाचत होते. अर्थ असा निघाला की महिनाअखेर वेबसाइट बंद, इथून पुढं सगळं मोबाईलच्या ॲपमध्ये; जुन्या नोंदी तिकडं न्या, नाहीतर पुसल्या जातील. टिकल्याच्या सगळ्या बाऱ्या त्यात होत्या. साडूंकडं बटणांचा फोन. माझ्याकडं टचचा आहे, सुनेनं नवा घेतला तेव्हा मला मिळालेला. मी त्यावर कांद्याचा बाजार बघतो आणि मला तो येतो. तर साडू मोटारसायकलवरून पिंपरी पेंढारला आले, घड्याळ रुमालात बांधलेलं.

ॲपनं आधी वजन विचारलं. बोटानं आकडे वर सरकवायचे होते, ते अडीचशेला जाऊन थांबले. साडू म्हणाले, "मंग बाकीचं एकशेसाठ किलो कुठं ठिऊ?" नंतर भरा असं एक बटण होतं म्हणून त्यातून सुटलो. मग जन्मतारीख. ती टाकल्याबरोबर लाल अक्षरं आली: सोळा वर्षं पूर्ण नाहीत, खातं चालणार नाही. मी म्हणालो, "साडूभाऊ, वीस वर्षं टाकून मोकळं व्हा. कोण बघतंय?"

"पावणं, आजवर कुन्या बैलाचा दात लपवला न्हाई. आन् आता ह्याचा लपवू? मेल्यावर?"

"अहो, बैल विकायचा नाहीये! मोबाईलला सांगायचंय!"

"कुनाला बी सांगायचं असू द्या. त्याचं वय अकरा हाय."

मी पण हट्टी आहे, पण माझ्या हट्टाला दमडीचं तरी कारण असतं. शेवटी कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. बराच वेळ फोनमध्ये नुसतीच गाण्याची धून वाजली, मग एक मुलगी आली. आधी हिंदीत बोलली, मग साडूंचं हिंदी ऐकून मराठीत आली. मी स्पीकर लावला.

"सर, युजरचं वय किती आहे?"

"अकरा."

"अकरा वर्षांच्या मुलांना ॲपवर खातं देता येत नाही, सर. सोळा पूर्ण लागतात."

"मंग येबसाइटवर कसं चाललं?"

"ती जुनी होती सर, वय तपासत नव्हती. तो सोळाचा झाला की नवीन खातं उघडा ना."

साडू म्हणाले, "ताई, तो आता अकराचाच ऱ्हानार."

मग त्या पोरीचा आवाज एकदम बदलला. "सॉरी सर. मला माहीत नव्हतं. खूप खूप सॉरी." मग म्हणाली, "तुम्ही काळजी करू नका. मी मोठ्या साहेबांशी बोलते. अशा वेळी आम्ही खास बाब म्हणून नोंदी आईवडिलांच्या नावावर करून देतो. त्याचं सगळं पळणं तुमच्याकडंच राहील, सर."

झालं काम! फक्त गप्प बसायचं होतं. मी साडूंना हातानं खुणावलं, डोळे वटारले, शेवटी त्यांचा गुडघा दाबून धरला. मी बघत होतो, त्यांच्या तोंडाशी आलेलं ते गिळायला बघत होते. घामानं डबडबले होते. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला खोटं बोलायचंसुद्धा नव्हतं, नुसतं न बोलायचं होतं.

"ताई," ते म्हणाले, "तुमचा गैरसमज व्हतोय. पोरगं न्हाई. बैल व्हता."

"...काय?"

"बैल. शर्यतीचा. घड्याळ शिंगाला बांधायचो."

ती रागावली नाही, हेच मला जास्त लागलं. हळूच म्हणाली, "सर, मग मला नाही करता येणार. प्राण्यांचं खातं नियमात नाही." आणि साडूंनी तिलाच धीर दिला, "असू द्या ताई. तुमी लई चांगल्या बोल्लात." फोन ठेवल्यावर मी त्यांना जे बोललो ते इथं लिहीत नाही. ते ऐकून घेत होते. रुमालाची गाठ मारली आणि निघाले.

महिना संपला. मला वाटलं विषय संपला. पण बुधवारी मेहुणीचा फोन: "पावणं, तुमी या बरं जरा. ह्ये कॉम्प्युटरच बंद करंनात." वेबसाइट गेली होती, पण आधीपासून उघडं असलेलं एक पान तसंच उघडं राहिलं होतं, शेवटच्या घाटाचं. बटण दाबलं की ठिपका अजून पळत होता. ते पान मिटलं की पुन्हा उघडणार नव्हतं. म्हणून साडूंनी पाच दिवस कॉम्प्युटर बंद केला नव्हता, त्या खोलीत कुणाला झाडूसुद्धा मारू देत नव्हते. नशिबानं लाईटही टिकली होती. पण दुसऱ्या दिवशी गुरुवार, आणि गुरुवारी आमच्याकडं दुरुस्तीसाठी सकाळी नऊला लाईट जाते ती संध्याकाळीच येते. हे काही चुकत नाही.

गुरुवारी आठलाच मी लोणीला पोचलो. बरोबर काही नेलं नव्हतं, काय नेणार? साडू आंघोळ करून, टोपी घालून कॉम्प्युटरसमोर बसले होते. मी शेजारी खुर्ची घेतली. ते एकामागून एक बारी लावत होते, तीच ती, आणि मी बघत होतो. खरं सांगायचं तर निळ्या ठिपक्यात बघण्यासारखं काही नसतं. पण चौथ्या-पाचव्या बारीला माझेही पाय जमिनीवर दाबले जायला लागले.

नऊ वाजायच्या सुमारास त्यांनी पुन्हा बटण दाबलं. ठिपका सुटला, पहिला चढ चढला, वळण नसलेल्या त्या सरळ रेघेवर निम्म्यात आला आणि लाईट गेली. पंखा थांबला. काच काळी झाली, त्यात आम्ही दोघं म्हातारे दिसायला लागलो.

साडू हलले नाहीत. त्या काळ्या काचेकडं बघत त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. मग शब्द ऐकू आले.

"...धा, अकरा, बारा." थोडं थांबून, "तेरा."

मग त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पोचला," म्हणाले.

मी आयुष्यभर या माणसाशी वाद घातला. त्या दिवशी मीही म्हणालो, "पोचला."