गरुडाचं पान

आमची नीना इथे अमेरिकेतच, ट्रॉय गावात जन्मली, वाढली. जखमी पक्ष्यांच्या दवाखान्यात नोकरी करते आणि नोव्हेंबर आला की बंदूक घेऊन हरणाच्या शिकारीला जाते! आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मी सुरुवातीला पुष्कळ आदळआपट केली. पण मुलगी माझीच, ऐकते कुठली?

गेल्या हिवाळ्यात दवाखान्यात एक गरुड आणला. मान टाकलेली, पंख उचलवत नव्हते. हरीण मारल्यावर शिकारी त्याची आतडी रानातच पाखरांसाठी ठेवतात. शिशाची गोळी आत फुटते आणि तिचे कण त्यात राहतात. तेच विष गरुडाला भिनलं होतं. तो नीनाच्या हातातच गेला.

"आई, मी पण लेडच वापरते गं," घरी येऊन ती म्हणाली. "आता फक्त कॉपर. नाही जमलं तर हंटिंग बंद."

तांब्याची गोळी फुटून विखरत नाही. पण दुकानातली तयार काडतुसं तिच्या जुन्या बंदुकीला मानवेनात, म्हणून पठ्ठी स्वतःच भरायला बसली. गॅरेज तिने बळकावलं आणि आमच्या ह्यांची गाडी अंगणात आली. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, काडतुसाच्या पितळी नळीत खोल बसते आणि दारूला जागा कमी उरते. जुनं माप चालत नाही. चहा घेऊन गेले तर हात वर करायची. "आई, प्लीज, बोलू नकोस. पावडर वेइंग करतेय."

दर शनिवारी नेमबाजीच्या मैदानावरून पडलेल्या चेहऱ्याने यायची. कागदावरची भोकं तडतडलेल्या मोहरीसारखी चहूकडे. मग पुन्हा दारूचं माप बदल, गोळी केसभर वर घे. ऑक्टोबर संपता संपता तिने एक कागद फ्रिजवर लावला. तीन भोकं, एकमेकांना चिकटलेली. मी तो अजून काढू दिलेला नाही. आल्यागेल्याला दाखवते.

शिकारीचा मोसम सुरू झाला तेव्हा हट्टाने मीही तिच्याबरोबर उत्तरेला गेले. बर्फ पडलेला. एकच बार झाला आणि हरीण जागीच कोसळलं. मला रडू आलं. नीनाने त्याच्या मानेवर हात ठेवला. मग आतडी बर्फावर ठेवून आम्ही दूर गाडीत येऊन बसलो.

श्राद्धाचं पान ठेवल्यावर कावळा येईपर्यंत जीव टांगणीला लागतो, तसा माझा लागला. आधी कावळे आले. नंतर पांढऱ्या डोक्याचा एक गरुड उतरला आणि त्याने पहिला लचका तोडला. नीनाने माझा हात गच्च धरला. ह्या घासात विष नव्हतं.

जन्मात मांसाला न शिवलेली मी, काच खाली करून हळूच म्हणाले, "जेव बाबा, पोटभर जेव. माझ्या लेकीने वाढलंय."