जिनीच्या तोंडी दुसरीचा आवाज

जिनी वोयचिकचा आवाज म्हणजे फुटकं भांडं. लहानपणी घसा धरला तो कायमचाच. स्क्रॅन्टन गावातल्या घरी तिनं खालून जिन्यातून नुसतं "आई" म्हटलं, तरी वर पिरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, लाटत बसलेली आई म्हणायची, आलं माझं कावळ्याचं पिल्लू.

हीच जिनी न्यूयॉर्कला नटी व्हायला गेली. नाटकवाल्यांनी आवाज ऐकूनच तिला वाटेला लावलं. सव्विसाव्या वर्षी ती मार्टी नावाच्या माणसाच्या उघड्यानागड्या सिनेमांत उभी राहिली. नावं ठेवणारे लोक तेच आणि तिकिटं काढून बघणारेही तेच. जाऊ दे, माझं डोकं फिरतं.

मार्टीला एकदा उमाळा आला. म्हणे, या पोरींच्या आयुष्यावरच सिनेमा काढू, प्रत्येकीनं मनातलं बोलायचं. जिनी अंगभर कपडे घालून खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "माझी आई वाईट नाही. मीच तोंड लपवून बसलेय. तिनं हाक मारली तर अनवाणी जाईन." बोलता बोलता रडलीसुद्धा.

पण मार्टीचा स्वस्तातला कॅमेरा कॉफीच्या चक्कीसारखा घरघरायचा. त्यामुळे शूटिंग सगळं मुकं, आवाज मागाहून भरायचे. मार्टी म्हणाला, "शुक्रवारी ये. तुझं तूच बोल."

आवाज भरायचे पैसे मिळत नसत, म्हणून कुठलीच पोरगी जात नसे. जिनी म्हणाली, "फुकटात कोण मरायला जातंय?" आणि केस सेट करून घ्यायला गेली. मार्टीनं ऑफिसातल्या टायपिस्टला माइकपुढे बसवलं. जिनीला वाटलं, आवाज दुसरीचा असला तरी शब्द आपलेच ठेवतील. सिनेमा तिनं कधी बघितला नाही. आपला सिनेमा आपण बघायचा नाही, असा त्या पोरींचा दंडकच होता.

तिच्या धाकट्या बहिणीचा, स्टेलाचा, नवरा रेमंड मात्र चोरून बघून आला आणि घरी सगळं ओकला. त्या नाताळात जिनी स्क्रॅन्टनला गेली. जिन्यातून हाक मारली, दार वाजवलं. आईनं आतून कडी काढली नाही. जिनीला वाटलं, कपडे उतरवले म्हणून राग असेल. ती मुकाट्यानं परतली. पुढे आई वारली. स्टेलानंही बोलणं टाकलं होतं.

जिनीनं सत्तरी ओलांडली, तेव्हा एका थिएटरनं तो जुना सिनेमा पुन्हा लावला आणि तिला बोलावलं. तिनं स्टेलाला फोन केला. "एकदा ये. मी आईबद्दल काय बोलले होते ते ऐक. मग हवं तर तोंड बघू नकोस माझं."

स्टेला आली. कोट न काढताच शेजारी बसली.

पडद्यावर तरुण जिनी रडत होती आणि तिच्या तोंडून मधाळ आवाज येत होता, "आई? तिनंच मला रस्त्यावर आणलं. मेली तरी मी ढुंकून बघणार नाही."

जिनी बहिणीकडे वळली. "स्टेला, मी हे बोलले नाही गं."

"कळतंय मला," स्टेला म्हणाली. तिला हुंदका आवरेना. "हा आवाज तुझा कुठेय? रेमंडला काय डोंबल कळणार. त्यानं तुला आमच्या लग्नात तेवढं पाहिलेलं. आईनं त्याला खोदून खोदून विचारलं, जिनीच म्हणाली का असं? तो म्हणाला, तिच्याच तोंडून ऐकलं."

"तू का नाही गेलीस बघायला?"

"आई निघाली होती. कोट घालून दारात उभी होती. मीच अडवलं तिला, म्हटलं, असलं कशाला बघायचं." स्टेलानं बहिणीचा हात धरला. "तिनं पहिल्या शब्दाला ओळखलं असतं, ही माझी नव्हे म्हणून."

जिनीच्या डोळ्यांपुढे तो शुक्रवार येत राहिला. केस काय, शनिवारीही सेट झाले असते.