आप्पासाहेबांच्या जीपचा दरवाजा

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या नव्या इमारती आणि उरलासुरला ऊस यांच्यामधे उत्तरेश्वरचं पत्र्याचं शेड आहे. अख्खी गाडी तो रंगवायला घेत नाही. पोचा, ओरखडा, गंजलेला कोपरा, एवढंच. अख्खी गाडी रंगवणं सोपं, सगळंच नवं दिसतं. तळहाताएवढा तुकडा जुन्यात मिसळायला जीव काढावा लागतो.

लातूरकडून आल्यापासून बत्तीस वर्षं त्याची रीत एकच. जुन्या रंगाची कड पॉलिश पेपरनं घासून इतकी उतरवायची, की डोळे मिटून बोट फिरवलं तर रंग कुठं संपला नि पत्रा कुठं लागला, कळता कामा नये. मग थिनरनं पुसायचं. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी हात लावू द्यायचा नाही. हाताचं तेल पत्र्यावर राहतं आणि रंगाआधीचा थर, प्रायमर, तिथं धरत नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या उसाचे मालक आप्पासाहेब यांच्या जीपच्या दरवाज्याला पोचा पडला होता. उत्तरेश्वरनं पुट्टी भरली, घासली, बोट फिरवलं. कड लागली नाही. प्रायमर मारला. वाळल्यावर उन्हात बघतो तर पोच्याभोवती गोल रेघ. पुन्हा घासलं, पुन्हा बोट, पुन्हा प्रायमर. रेघ तिथंच.

तो डब्यावर बसला आणि बोटांकडे बघत राहिला. टोकं काचेसारखी गुळगुळीत झाली होती. कड होती, बोटांना लागत नव्हती. बोटं गेली तर शेड तरी कशाला ठेवायचं?

दुपारी त्याची बायको वेणूबाई भाकरी घेऊन आली.

"तोंड का उतरलंय?"

"जरा हात फिरव इथं. डोळे मीट."

तिनं हात फिरवला. "हे काय, इथं कड लागतेय की."

"कुठं?"

"इथं. भाकरीला अशी जाड कड राहिली असती तर तुम्ही दोन दिवस बोलला असता."

त्यानं घासलं. तिनं बोट फिरवलं. "अजून आहे." पुन्हा घासलं. "अजून." चौथ्या खेपेला ती म्हणाली, "आता झालं." उत्तरेश्वरला इतका आनंद झाला की त्यानं थिनरनं न पुसताच प्रायमर मारला. बघता बघता पांढऱ्या थरात टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडले.

"अगं, सकाळी डोक्याला तेल लावलंस?"

"रोजच लावते."

बत्तीस वर्षं ज्या चुकीवरून त्यानं अख्ख्या जगाला शिव्या घातल्या, ती त्याच्याच हातून झाली होती. तिच्या हाताला दोष देणं जमण्यासारखं नव्हतं. पुसायचं काम त्याचं.

"आता?" तिनं विचारलं.

"आता साबणानं हात धू. मग पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी तिनं तेलाची बाटली उघडलीच नाही. घासणं त्याचं, बोट तिचं, आणि थिनरचं फडकं शेवटी त्याचंच.

रंग वाळल्यावर आप्पासाहेब आले. "उत्तरेश्वर, एवढुशा पोच्याला चार दिस? तेवढ्यात मी ऊस लावून मोकळा झालो असतो."

"उसाच्या सरीची कड हाताला लागली तर चालते, आप्पासाहेब."

आप्पासाहेबांनी दरवाज्यावरून पंजा फिरवला. वर, खाली, पुन्हा वर. "पोचा हाय कुठं?"

उत्तरेश्वरनंही हात फिरवला. त्यालाही सांगता येईना. त्यानं वेणूबाईकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले, सावकाश बोट फिरवलं, आणि मान हलवली.

"नाही सापडत," ती म्हणाली.

उत्तरेश्वरनं पुढच्या स्कूटरचं मडगार्ड तिच्यासमोर आणून ठेवलं.