पडून राहिलेलं नाव

हसाजीभाऊंचे किस्से आम्ही मुद्दाम कधी गोळा केले नाहीत. काशीत दुर्गाघाटावरच्या आमच्या ओट्यावर संध्याकाळी मंडळी बसायची, एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवायचा, आणि घरात रिकामे डबे साठतात तसे ते साठत गेले. त्यातले काही मी हसत सांगतो. शेवटचा सांगताना मात्र आधी मुलगी घरात नाही ना, ते बघून घेतो.

हसाजीभाऊ सरकारी तारऑफिसात होते. ज्यू, पण आपल्या कोकणातले, आणि मराठी आमच्यापेक्षा चोख! आमच्या बोलण्यात तीन पिढ्यांची काशी मिसळलेली. गणेशभट घाटावर क्रियाकर्म करायचे. मी शाळेत गणित शिकवायचो, त्यामुळे कशावरही विश्वास न ठेवणं हे माझंच काम आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

* * *

आमच्या जिन्याखालच्या खोलीत राधाकाकू राहायच्या. साताऱ्याकडून काशीत मरायला आल्या होत्या आणि मरण काही येत नव्हतं. बरोबरीच्या बायका कधीच गेल्या. काकू रोज गंगेवर जायच्या आणि परत आल्यावर आमच्या गोदूची वेणी घालायच्या.

हसाजीभाऊ पहिल्यांदा आले तेव्हा काकूंनी विचारलं, "घराणं काय करायचं तुमचं?"

"तेलाचा घाणा होता, काकू. शनिवारी बंद. आमच्या धर्मात त्या दिवशी बैलालाही सुट्टी."

गणेशभट म्हणाले, "पुढच्या जन्मी तुमच्या घाण्याला जुंपून घ्यावं म्हणतो. आम्हाला एकही दिवस सुट्टी नाही. लोक रोज मरतात."

"रोज मरतात, पण माझा नंबर लागत नाही," काकू म्हणाल्या. आम्ही सगळे हसलो. काकू हसल्या नाहीत.

* * *

एकदा हसाजीभाऊंनी आम्हाला मलिद्याला, म्हणजे त्यांच्या नवसाच्या प्रसादाला, बोलावलं. पोहे, खोबरं, साखर, फळं, सगळं केळीच्या पानावर. सोवळं सांभाळून गणेशभटांनी फक्त केळं घेतलं. खोलीत एकच बरी खुर्ची, गादी घातलेली. गणेशभटांचे गुडघे दुखत होते, ते तिच्याकडे वळले.

"तिथं नको, भटजी. ती एलियाहू हन्नाबींची."

"कोण, तुमचे साहेब?"

"आमचे संदेष्टे. ते मेले नाहीत, फिरत असतात."

वर्षभर पितरांची पानं वाढणारा माणूस तो, गणेशभटांना यात काहीच नवल वाटलं नाही. एवढंच विचारलं, "जेवून येतात की इथंच जेवतात?"

निघताना मी सहज खुर्चीकडे पाहिलं. गादीला खोलगा पडला होता. आमच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू भरत आला, कोणी नुकतंच उठून गेल्यावर भरतो तसा.

हसाजीभाऊंनी पान गुंडाळलं आणि म्हणाले, "आज लवकर गेले."

* * *

रामनगरहून नावेनं परत येत होतो. दिवेलागण झाली होती. मी सवयीनं माणसं मोजायला लागलो, तर हसाजीभाऊंनी माझा हात धरला.

"माणसं मोजू नयेत, मास्तर. धान्य मोजावं."

मी त्यांना हसलो. गणिताच्या मास्तरला मोजू नको म्हणणं म्हणजे काय! घाटाला लागल्यावर मल्लाह उतरणाऱ्यांना बोटानं मोजत होता. सगळे उतरले, तरी त्याचं बोट पुढं सरकतच राहिलं, पायऱ्यांवरून वर, गल्लीपर्यंत.

"गुरू, एक जन जादा हौ," तो म्हणाला.

हसाजीभाऊ पुढं निघाले. मागं न बघता म्हणाले, "तरी सांगत होतो."

त्यानंतर वर्गातली हजेरीसुद्धा मी नावानं घेतो.

* * *

त्या वर्षी थंडीत गोदूला ताप भरला. सहा वर्षांची माझी मुलगी, एकुलती एक. वैद्यांनी मान हलवली, डॉक्टरसाहेबांनी औषध दिलं, पण माझ्याकडे बघायचं टाळलं. गणेशभट ओट्यावर येऊन बसले की माझी बायको दार लावून घ्यायची. त्यांचा धंदा तिला सहन होईना. मी इतका भ्यालो होतो की कोणी काहीही सांगितलं असतं तरी केलं असतं.

हसाजीभाऊ म्हणाले, "आमच्यात अशा वेळी नाव बदलतात. न्यायला येणारा नाव विचारत येतो. त्या नावाचं माणूस घरात नसलं की तार परत. आमचा रोजचाच मामला आहे."

उशाशी उभं राहून त्यांनी त्यांची स्तोत्रं म्हटली. नवं नाव जगण्याचंच हवं म्हणाले. गणेशभटांनी सुचवलं आणि हसाजीभाऊंनी उंबऱ्यात जाऊन गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "या घरात गोदू नाही. संजीवनी आहे."

पहाटे ताप उतरला. मी लहान मुलासारखा रडलो.

गणेशभटांनी मात्र विचारलंच, "परत गेलेल्या तारेचं पुढं काय होतं?"

"पडून राहते," हसाजीभाऊ म्हणाले. "घेणारा येईपर्यंत."

* * *

जुनी सवय काही सुटत नाही. एका संध्याकाळी बायकोनं खिडकीतून हाक मारली, "गोदू, दिवा लाव गं!" आणि तोंडावर हात दाबला.

खालून जिन्याच्या अंधारातून उत्तर आलं, "ओ!"

काठी टेकत वर आल्या त्या राधाकाकू.

"मीच ओ दिली. घाबरू नकोस. ते नाव पडून आहे म्हणे, मग मला दे. पोरीला नको आणि मला तर हवंच आहे."

"काकू, भलतंच काय!"

"भलतं काय त्यात? माझं माहेरचं नाव लग्नात गेलं, सासरचं घेणारं कोणी उरलं नाही. मला कोणत्या नावानं शोधणार तो?"

दुसऱ्या दिवसापासून सगळी गल्ली ऐंशी उलटलेल्या बाईला गोदू म्हणू लागली. दूधवाला म्हणायचा, "गोदू बिटिया, लोटा ले आव." काकू खूश असायच्या. हसाजीभाऊंनी मात्र त्यांना त्या नावानं कधी हाक मारली नाही.

* * *

काकू ज्येष्ठात गेल्या. दुपारी खोलीत झोपल्या त्या उठल्याच नाहीत, असं गणेशभट सांगतात, आणि सगळं त्यांनीच केलं, त्यामुळे ते खरंच असणार. मी त्या दुपारी ओट्यावर होतो. मी पाहिलं ते असं.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. संजीवनी माझ्याशेजारी सागरगोटे खेळत होती. घाटाकडून छत्री घेतलेला एक गृहस्थ वर आला. साधा, स्वच्छ धोतरातला. आमच्यासमोर थांबला आणि विचारलं, "गोदू इथंच राहते ना?"

मुलीनं मान वर केली. मी तिला जवळ ओढलं.

"ओ, आले," जिन्याखालून आवाज आला. राधाकाकू बाहेर आल्या. काठी नव्हती. "किती वाट बघायची माणसानं?" जाता जाता मुलीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "संजीवनी, उन्हात फिरू नकोस हो."

दोघं घाटाकडे चालू लागली.

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग मोठ्यानं म्हणाली, "पण बाबा, गोदू तर मी..."

मी तिच्या तोंडावर हात दाबला. गल्लीच्या वळणावर छत्री थांबली.

"चला हो," काकूंचा आवाज आला. "पोरं काय, काहीही बोलतात."