पूर्णामाईचा नारळ

त्या दिवशी नाव उलटली ती माझ्यामुळे, असं मला अजून वाटतं. मग देवानं मला का तारलं? घडलं तेवढं सांगतो.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेला मी पहिलाच. पोळा करून खामगावच्या कॉलेजात परत निघालो, तेव्हा पूर्णेच्या पलीकडे सोडायला बाबा सोबत आले. त्यांना पोहता येत नव्हतं. मला थोडंफार येत होतं. आईनं माझ्या पिशवीत नारळ दिला होता. भरल्या नदीत नावेत पाय ठेवण्याआधी काठावरूनच नारळ वाहायचा, अशी आमच्याकडची रीत. पण काठावर पुलाच्या मोजणीला आलेले पँटवाले साहेब उभे होते. त्यांच्यासमोर मला लाज वाटली. "वाह्यला ना रे?" असं बाबांनी विचारलं, तेव्हा मी मान हलवली. नारळ पिशवीतच राहिला.

नाव मधोमध पोचली आणि सातपुड्याकडून काळं आभाळ धावत आलं. भरदुपारी अंधारलं. वाऱ्यानं नाव गरगर फिरू लागली. "बसून राहा! कोणी हलू नका!" नावाडी ओरडत होता. शेजारी वरवट गावची एक म्हातारी बसली होती. तिचं लक्ष माझ्या पिशवीकडे गेलं.

"अरे, हा नारळ इथंच? कालेजात गेला अन् पूर्णामायले इसरला काय?"

"वाह बे लवकर! काऊन बसून राह्यला?" मागून कुणीतरी खेकसलं.

बाबा माझ्याकडे बघत होते. मी उठलो, नावेच्या कडेशी गेलो आणि नारळ पाण्यात सोडला. त्याबरोबर सगळेच सवयीनं त्या बाजूला वळले, वाकले, हात जोडले. नावाड्याची हाक वाऱ्यात विरली. नाव कलली आणि पुढच्याच क्षणी आम्ही पाण्यात होतो.

पाण्यात बाबा माझ्या हाताला लागले. मी त्यांना कवळून धरलं, त्यांनी माझ्या गळ्याला मिठी मारली, आणि आम्ही दोघं खाली जाऊ लागलो. दोनदा वर आलो, दोनदा बुडालो. तेवढ्यात वाळलेल्या भोपळ्यांची सांगड छातीखाली घेतलेला एक माणूस जवळ आला. भोई लोक मासे धरायला जाताना नेतात तशीच ती होती.

"सोड त्याले!" तो ओरडला.

"माझे बाबा आहेत!"

"मले दिसते ना बे! तू त्याले बुडवून राह्यला. सोड!"

मी आयुष्यात इतका कधी भ्यालो नाही. सोडलं तर बाबा जातील, धरलं तरी जातील. देवाचं नावसुद्धा आठवेना. एवढंच मनात आलं, की आता माझ्या हातात काही नाही. मी बोटं उघडली. बाबांची मिठीही सुटली आणि ते पाण्याखाली गेले. त्या माणसानं बुडी मारून त्यांना मागून बखोट्याला धरलं, सांगडीवर टाकलं आणि मला म्हणाला, "सांगडीचा दोर धर, अन् गप्प राहा."

आम्हाला काठावर टाकून तो पुन्हा आत गेला. त्यानं आणखी दोघांना आणलं. म्हातारीलाही आणलं, पण ती गेली होती. त्या दिवशी नावेतली चार माणसं गेली.

पुढच्या आठवड्यात बाबा आणि मी गूळ-खोबरं घेऊन भोईवाड्यात गेलो. तिथं कुणीच म्हणेना की तो मी. "वादळात आमचा कोणी पाण्यात नव्हता," असं ते म्हणाले. मी वाद घातला नाही. अजूनही घालत नाही.

परतताना मी लाजेपोटी खोटी मान हलवली होती, हे बाबांजवळ कबूल केलं. ते म्हणाले, "माय नारळासाठी लेकरं मारत नाही रे. हात जोडाले आपण सारेच एका बाजूले झुकलो. मी बी झुकलो." ते असं म्हणाले, तरी त्या म्हातारीचा चेहरा माझ्यासमोरून जात नाही. तो जाऊही नये.

आता मी काठावरच, चारचौघांसमोर नारळ वाहतो. त्या म्हातारीच्या नावानं एक जास्तीचा वाहतो. मग नावेत मधोमध बसतो. पूर्वी मला वाटायचं, भक्ती म्हणजे घट्ट धरणं. त्या दिवशी माझी बोटं उघडली, म्हणून बाबा आज माझ्या शेजारी बसलेले असतात.