घड्याळबाईंचा निर्णय

माझ्या भावजयीला सगळा बाजार घड्याळबाई म्हणतो. तिचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं, एकाची वेळ दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. मी तिची मोठी नणंद. तिच्यापेक्षा वयानं चार वर्षांनी मोठी आणि माझा भाऊ म्हणतो, तोंडानं चाळीस पट. म्हणू दे.

तिची एक रीत माझं डोकं उठवते. गिऱ्हाईक आलं की ती घड्याळ उघडते, निरखते आणि दोन मार्ग सांगते. बिघडला तेवढा भाग दुरुस्त होईल, पण अधूनमधून दाखवायला यावं लागेल. नाहीतर आतलं मशीनच बदलू. मग गप्प. गिऱ्हाईक विचारतं, "बाई, तुमचं असतं तर काय केलं असतं?" ही म्हणते, "घड्याळ तुमचं आहे." अगं, सांगून मोकळी हो ना एकदाची! लोक त्यासाठीच तर येतात.

गेल्या वर्षी तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. दीड सेंटिमीटरची, कॅन्सरची, पण अगदी सुरुवातीची. ती आणि माझा भाऊ दवाखान्यात निघाले तशी मीही निघाले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी कुठली घरी बसतेय.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. एक तर गाठ आणि तिच्या कडेचा थोडा भाग काढायचा, बाकी स्तन राहील. नंतर तीन-चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस किरणांचे उपचार घ्यायचे. कडेच्या भागात काही सापडलं तर पुन्हा एकदा ऑपरेशन. नाहीतर पूर्ण स्तन काढायचा. मग किरणं बहुतेक लागणार नाहीत, पण जखम भरायला जास्त दिवस जातील. रोग तिथवर पोचलाय का ते बघायला काखेतल्या एक-दोन ग्रंथी दोन्हींत तपासायच्याच.

"त्याच जागी पुन्हा उद्भवण्याची शक्यता पहिल्यात किंचित जास्त," त्या म्हणाल्या. "पण तुमच्यासारख्या केसमध्ये आयुष्य दोन्हींत सारखंच."

माझ्या भावजयीनं तो कागद आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "तुमचं असतं तर काय केलं असतं?"

मी चाटच पडले. एवढी वर्षं याच प्रश्नावर गिऱ्हाइकांना वाटेला लावणारी बाई ही! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझी भीती वेगळी, तुमची वेगळी. आठवडाभर विचार करा. तेवढ्यानं काही बिघडत नाही."

तो आठवडा मी तिला सुखानं खाऊ दिलं नाही. रोज दुकानात जाऊन स्टुलावर ठाण मांडायचं आणि एकच पालुपद लावायचं: सगळं काढून टाक, डोक्याला ताप नको. आमच्या आईचं तसंच केलं होतं आणि पुढे ती अकरा वर्षं ठणठणीत जगली. याहून मोठा पुरावा कुठला हवा? माझा भाऊ मान डोलवायचा. तो काय, कुणीही बोललं तरी मान डोलवतो.

सहाव्या दिवशी ती म्हणाली, "ताई, मी ठरवलंय. गाठच काढायची. रोजच्या खेपा मी घालीन."

माझं डोकं फिरलं. "पन्नाशी उलटली तुझी. आता काय करायचंय तुला त्याचं?"

तिनं डोळ्याचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. "मला हवंय ते," ती म्हणाली. "माझं आहे म्हणून हवंय. आईंनाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

आईशी माझं काय बोलणं झालं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईच्या वेळच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून दोन्ही मार्ग सांगितले होते. मी आत जाऊन आईला एकच सांगितला: सगळं काढायचं, या वयात काय करायचंय तुला त्याचं. उगाच घोळ नको, असं मला वाटलं. आई "बरं" म्हणाली आणि मी सुटले.

"आईला दुसरा मार्ग मी सांगितलाच नव्हता गं," मी म्हणाले.

"त्यांना माहीत होतं," भावजय म्हणाली. "ऑपरेशननंतर पट्टी बदलताना नर्स बोलून गेली. मी त्यांना आंघोळ घालायचे ना, तेव्हा एकदा सांगितलं त्यांनी. म्हणाल्या, मला एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण पोरीनं माझ्या काळजीनंच केलं, तिला कळू देऊ नकोस."

अकरा वर्षं. दर रविवारी मी आईकडे जात होते, आणि दर रविवारी ती मला दारापर्यंत पोचवायला येत होती.

मी तिथेच रडले, भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत.